पद्मण्णांनी काय काय सोडलं

बावीस वर्षांपूर्वी उडुपीच्या कॉलेजात गणित शिकवायला आलो आणि रथबीदीच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या रथरस्त्याच्या, मागच्या गल्लीत वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून पाहायला गेलो. दारात एक पोट उभं होतं. पोटाच्या मागे, बरंच आत, पद्मण्णा होते.

ते पोट एवढं होतं की घरात ऊन जायचं की नाही हे सूर्याने नाही, त्याने ठरवायचं. मी नमस्कार केला तो पोटालाच पोहोचला. वरून कुठूनतरी आवाज आला, "जेवण झालं?"

"झालं. खोली पाहायची होती."

"काय जेवलात?"

"स्टँडवर दोन इडल्या खाल्ल्या."

पद्मण्णांनी असा चेहरा केला की मी स्टँडवर मार खाल्ल्याचं सांगितलं असतं तर त्यांना कमी वाईट वाटलं असतं. "ती इडली होय, मारायरे!" म्हणजे इथलं 'अहो महाराज'. "ती भिंतीला लावतात. आत या."

आत केळीचं पान मांडलेलं होतंच. त्या घरात ते कायमच मांडलेलं असतं, पुढे कोण बसतं एवढाच प्रश्न असतो. मी अकरा होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, खाल्ल्या. त्यातल्या तीन स्वेच्छेने. तुपाची धार थांबवावी म्हणून पानावर हात आडवा धरला, तर त्यांनी हातावर तूप वाढलं. बाराव्या होळिगेला मी डोळे मिटले, ते दुसऱ्या दिवशी ओसरीवर उघडले. खोली मी पाहिली ती चौथ्या दिवशी, कारण जिना चढण्याइतका हलका व्हायला मला तेवढा वेळ लागला.

पद्मण्णा म्हणजे गुंडिबैलचे पद्मनाभ उपाध्य, लग्नामुंजीचे स्वयंपाकी. हाताखाली नऊ माणसं, आणि पन्नास वर्षांची चूल. इथे मुलगी पाहायला जाण्याआधी लोक पद्मण्णांची तारीख मोकळी आहे का ते पाहायला यायचे. मला ते पहिल्या दिवसापासून "मेष्ट्रे" म्हणत आले, म्हणजे मास्तर. आमच्या कॉलेजातले मला प्रोफेसर म्हणतात, पण त्या हाकेला मी इतक्या चटकन ओ देत नाही.

साखर त्यांना बारा वर्षांपासून होती. तिच्याशी त्यांचा संबंध दूरच्या नातेवाइकासारखा होता: आहे हे मान्य, पण जाणं-येणं नाही. गोळ्या घ्यायचे, तेही पायस खाऊन झाल्यावर, पानसुपारीच्या भावनेने. शेजारच्या कुणी काळजीने विचारलं की म्हणायचे, "मी साखरेत जन्म काढला. ती मला ओळखते."

चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात कुंजिबेट्टूला एका मुंजीत ते होळिगेच्या तव्यापाशी उभे होते. इथे सोवळ्यात स्वयंपाक अनवाणी करतात. एकाएकी पद्मण्णा ओरडले, "करपलं! करपल्याचा वास येतोय! कुणाचं लक्ष कुठे आहे?" नऊ माणसांनी नऊ भांडी तपासली. काहीच करपलं नव्हतं. मग एकाने खाली पाहिलं. चुलीतून घरंगळलेल्या निखाऱ्यावर पद्मण्णांचा डावा पाय होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

घरी सभा भरली. त्यांचा मुलगा मुरळीधर बँकेत आहे. बापाच्या उलट अंगाने किडकिडीत आणि बोलायला काटकसरी. तो म्हणाला, "अप्पा, बस्स झालं. आता चुलीपाशी जायचं नाही."

"माघात सिंचनाचं लग्न आहे."

सिंचना म्हणजे मुरळीची मुलगी, पद्मण्णांची एकुलती नात. ती जन्मली त्या दिवशी बारशाच्या आधी पद्मण्णांनी तिच्या लग्नाचा मेनू लिहून ठेवला होता. मी तो पाहिला आहे. दोन कागद, पाठपोट.

"लग्नाला मंगळूरचा कॅटरर सांगू."

"कॅटरर?" पद्मण्णांनी तो शब्द चिमटीत धरून लांब केला. "तो पानात पनीर वाढेल. माझ्या नातीच्या लग्नात लोक पनीर खातील आणि मी खुर्चीवर बसून अक्षता टाकू?"

"पाय जळून गेला तरी कळत नाही तुम्हाला. उद्या कढईत पडाल, तेही कळणार नाही." मुरळीने दम घेतला. एवढं सलग तो लग्न ठरवतानाही बोलला नव्हता. "तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक आठ आहे. संक्रांतीपर्यंत ती सातच्या खाली आणा. आणलीत तर चूल तुमची. नाही तर कॅटरर. त्यांना संक्रांतीला नक्की सांगावं लागतं."

पद्मण्णांनी बायकोकडे पाहिलं. सुगुणम्मा भाजी चिरत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? पाय माझा जळला का?"

डॉक्टर नलिनी शेणॉय यांच्याकडे मीच त्यांना घेऊन गेलो. बाई साठीच्या, बारीक, आणि अजिबात न घाबरणाऱ्या. पायाला पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी सांगितलं, "पद्मण्णा, गोळ्या चालू राहतील. पण आता झाडापाल्यावर यायचं. भाज्या, डाळी, कडधान्य. जे जमिनीतून येतं तेच पोटात."

पद्मण्णांना अपमान वाटला. "डॉक्टर, आमच्या सात पिढ्यांत कुणी फुटलेलं अंडंसुद्धा पाहिलं नाही. आणि मला झाडपाला शिकवता?"

"दूध घेता?"

"गायीचं."

"तूप?"

"जेवणाच्या सुरुवातीला."

"दही?"

"शेवटी."

"आणि मध्ये?"

"मध्ये ताक."

"मग गाय काय झाडाला लागते?"

पद्मण्णांनी विचार केला. "गाय गवत खाते, डॉक्टर. म्हणजे दूध हे गवतच. जरा पुढे गेलेलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग नारळाचा सौदा सुरू झाला. उडुपीच्या स्वयंपाक्याचा नारळ काढून घेणं म्हणजे माझा फळा काढून घेणं.

"नारळ झाड आहे," पद्मण्णा म्हणाले. "नारळाएवढं झाड दुसरं नाही."

"आठवड्याला एक."

"दिवसाला एक."

"पद्मण्णा, दिवसाला एक माणूस खातो की मारुती?"

"तीन दिवसाला एक, आणि सुगुणाचं धरून."

"चार दिवसाला एक. घरात सगळ्यांत मिळून." आणि लगेच कागदावर चार गोष्टी लिहिल्या: साखर आणि गूळ, दही आणि ताक, दूध आणि तूप, पांढरा भात. "या चार सोडायच्या. चार महिन्यांनी परत या, बघू."

पद्मण्णांचा चेहरा उजळला. मला वाटलं, माणूस पटला. रस्त्यात येताना म्हणाले, "बाई शहाणी आहे, मेष्ट्रे. चार गोष्टी, चार महिने. आपल्यातलंच आहे सगळं."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. इथल्या माध्व पंथाच्या घरांत चातुर्मासाच्या चार महिन्यांची चार व्रतं असतात. पहिला महिना शाकव्रत, भाजी नाही. दुसरा दधिव्रत, दही नाही. तिसरा क्षीरव्रत, दूध नाही. चौथा द्विदलव्रत, डाळी नाहीत. एक महिना संपला की त्या महिन्याची वस्तू दुसऱ्या दिवशी पानावर परत येते, आणि महिनाभर वाट पाहायला लावल्याबद्दल जरा जास्तच येते. पद्मण्णा ही व्रतं वयाच्या आठव्या वर्षापासून पाळत आलेले. सोडायचं म्हणजे कसं सोडायचं, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी पहिल्या महिन्यात साखर आणि गूळ सोडला. कडकडीत. वैशाख होता, आंबे होते. आंबा हे फळ. रोज पाच. दुसऱ्या महिन्यात दही-ताक सोडलं आणि साखर परत आली, तर महिन्याची भूक काढायला तीन प्रकारची पायसं झाली, दुधातली. तिसऱ्या महिन्यात दूध-तूप बंद, दही वाटीऐवजी तांब्यात. चौथ्या महिन्यात भात सोडला. पण शेवया भात नव्हेत, डोसा भात नव्हे, कडुबू तर भाताच्या जवळूनही जात नाही. हे तिन्ही तांदळाचे असतात हे मी त्यांना गणितासारखं पायरीपायरीने दाखवलं. ते म्हणाले, "मेष्ट्रे, तुम्ही वर्गात असंच शिकवता? मुलं पास होतात?"

चार महिन्यांत एक दिवसही त्यांचं व्रत मोडलं नाही. गल्लीत कौतुक झालं. श्रावणात आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा पद्मण्णांनी नवं धोतर नेसलं होतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "दहा पूर्णांक दोन."

"कुणाची?" पद्मण्णांनी विचारलं.

"तुमची. सोडलं होतंत ना सगळं?"

"सगळं. एकेक महिना, एकेक वस्तू. विचारा मेष्ट्रेंना."

"एकेक?"

"मग? चारही एकदम सोडायची तर भगवी वस्त्रं घ्यावी लागतात, डॉक्टर. त्याला मठ लागतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बरं. निदान भाज्या तरी खाल्ल्यात का?"

"भाज्या? आता?" पद्मण्णांना त्यांच्या अज्ञानाची कीव आली. "हा महिना शाकव्रताचा."

"म्हणजे मी सोडायला सांगितलं ते खाल्लंत, आणि खायला सांगितलं ते सोडलंत."

"व्रत आहे, डॉक्टर."

बाई हसल्या. इतक्या हसल्या की बाहेरून कंपाउंडर डोकावला. पद्मण्णाही हसले, मीही हसलो. मग त्या पद्मण्णांच्या डाव्या पायाशी वाकल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे टोचतंय का?"

"टोचा की. मग सांगतो."

"मी केव्हाची टोचतेय, पद्मण्णा."



घरी आलो तर ओसरीवर मंगळूरच्या कॅटररचं रंगीत पत्रक पडलेलं. मुरळीने मुद्दाम ठेवलं नसेल, पण उचललंही नव्हतं. त्यात टोपी घातलेला एक तरुण तव्यावर चौकोनी काहीतरी परतत होता. पद्मण्णा ते पत्रक मांडीवर घेऊन बसले.  मांजरसुद्धा लांबून वळसा घेऊन गेलं.

सुगुणम्मा बाहेर आल्या, खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"काय म्हणाली बाई?"

"चारही एकदम सोडा म्हणते. कसं जमायचं?"

"अहो, दही तुम्ही दरवर्षी महिनाभर सोडता. मेलात का?"

"नाही."

"दूध महिनाभर सोडता. मेलात का?"

"नाही, पण—"

"एकादशीला भाताचं शीत खात नाही. वर्षाच्या चोवीस एकादश्या. पन्नास वर्षं धरा. मेष्ट्रे, किती झाले हो?"

"बाराशे दिवस," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्या घराला माझ्या गणिताचा झालेला हा एकमेव उपयोग.

"बाराशे दिवस भाताशिवाय जगलात. राहिलं गोड. माझे अप्पा गेले तेव्हा दहा दिवस सुतकात गोड खाल्लं नाहीत. तोंड वाकडं करून का होईना, खाल्लं नाहीत. म्हणजे सगळं तुम्हाला येतं. वेगवेगळं येतं. आता एकावर एक ठेवा."

"किती दिवस?"

"परवापासून दह्याचा महिना लागतोय. तो संपला की दही आणायचं नाही. दुधाचा लागेल, तो संपला की दूध आणायचं नाही. तुमच्या आईने दुधाच्या महिन्यात घरादाराला काय वाढलं, आठवतं का? का ते मी आठवू?"

पद्मण्णांनी पत्रक खाली ठेवलं. "आई नारळाच्या दुधात करायची."

"चार दिवसाला एक नारळ," मी आठवण दिली.

"मेष्ट्रे, तुम्ही वर जा."

तिसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं त्याला पथ्य म्हणणं म्हणजे रथोत्सवाला गाडी म्हणणं. पद्मण्णांनी पथ्याला मेजवानी समजून हाती घेतलं. कुळथाचं सार. केळीच्या गाभ्याची कोशिंबीर, त्यावर हिंगाची फोडणी. परसातल्या ब्राह्मीची चटणी. तांदळाऐवजी मूग वाटून केलेले अळूचे पत्रोडे. मट्टू गावची पोपटी वांगी, चिंचेत. विलायती फणसाच्या फोडी, कारल्याचं मेणसकाय, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, गुळाऐवजी पिकल्या अंबाड्याचा आंबटपणा धरून. भाताच्या जागी नाचणी, तीही मापाने. कॉफी गेली, धने-जिऱ्याचा कषाय आला, दुधाविना. पहिल्या घोटाला पद्मण्णा म्हणाले, "हे आजाऱ्याला देतात," आणि दुसरा पेला मागितला.

चौथ्या महिन्याच्या डाळींचं काय, हा पेच मठातल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी सोडवला. आजाऱ्याला द्विदलव्रतातून सूट आहे, म्हणाले. पद्मण्णांनी ती सूट दोन्ही हातांनी घेतली, आणि तिच्याबरोबर शास्त्रीबुवांना दोन वाट्या कुळथाचं सारही दिलं.

मी त्यांचा भाडेकरू, म्हणजे पहिला बळी. प्रत्येक नवा पदार्थ आधी जिन्यावरून वर यायचा. "खाऊन सांगा, मेष्ट्रे. खोटं बोललात तर भाडं वाढवीन." सप्टेंबरात माझी पँट सैल झाली. ऑक्टोबरात कमरपट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. कॉलेजात लोक आडून आडून विचारू लागले, घरी सगळं ठीक आहे ना.

जेवणानंतर पद्मण्णा रथबीदीला फेऱ्या घालायचे. पहिल्या दिवशी अर्धी फेरी आणि तीन ओळखीच्या पायऱ्यांवर विसावा. दसऱ्यापर्यंत चार फेऱ्या. वाटेत माणसं थांबवायची: "पद्मण्णा, बारीक झालात!" त्यांना ते स्तुती वाटायचं नाही. बारीक स्वयंपाक्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, अशी त्यांना खरीखुरी भीती होती.

एकदाच घसरता घसरता राहिले. कडियाळीला एका वास्तुशांतीत, मुख्य स्वयंपाकी म्हणून नाही, नुसते पाहुणे म्हणून गेलो होतो. सुगुणम्मांनी मला पहाऱ्याला बरोबर दिलं होतं. मागच्या अंगणात पायसाची घागर उघडी होती. पद्मण्णा तिच्यापाशी थबकले.

"पद्मण्णा."

"फक्त वास, मेष्ट्रे."

दहा मिनिटं ते त्या घागरीवर वाकून उभे होते. डोळे मिटलेले. शेवटी म्हणाले, "वेलची उशिरा घातलीय," आणि समाधानाने बाहेर आले. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून विचारलं, वासाने साखर वाढते का. डॉक्टर नाही म्हणाल्या. त्यानंतर ते गावात कुठेही पायस असलं की वासाला जाऊ लागले.

नोव्हेंबरात सात पूर्णांक सात आली. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. "मी सांगेन तेव्हाच कमी करायची, स्वतःच्या मनाने नाही," असा दम भरला, आणि मग हळूच विचारलं, "ते मूग घातलेले पत्रोडे कसे करता?" पद्मण्णांनी कृती अर्धा तास सांगितली. बाहेर सात पेशंट बसले होते. तेही ऐकत होते. दोघांनी लिहून घेतलं.

पायाची जखम भरली. बधिरपणा मात्र राहणार, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. तेव्हा मुरळी एके दिवशी लाकडी खडावांचा जोड घेऊन आला. खडावा सोवळ्यात चालतात. पद्मण्णांनी त्या घालून स्वयंपाकघरात चार पावलं टाकली. खट खट खट खट. सुगुणम्मा म्हणाल्या, "बरं झालं. आता गुळाच्या डब्याला हात लावायला आलात की मला ऐकू येईल."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कागद आला. तो मुरळीच्या हातात. बँकवाला माणूस, त्याने आधी तारीख वाचली, मग नाव, मग वय.

"अरे, आकडा वाच!"

"सहा..."

"सहा! पुढे?"

"पूर्णांक..."

"मुरळी, तुला मुंजीत मी मारलं नव्हतं, ते आज मारीन."

"आठ."

सिंचनाने बेंगळूरहून फोनवर किंकाळी फोडली. "अज्जा! आता माझा मेनू काढा!" पद्मण्णा खडावांवर नाचले. मी तो नाच पाहिला आहे, आणि त्याचं वर्णन करणार नाही, कारण ते मला रोज दिसतात आणि खोली अजून त्यांचीच आहे. मुरळी आत गेला आणि कॅटररला फोनवर एकच वाक्य बोलला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावलेले होते. सुगुणम्मा आत तीळ भाजत होत्या, आम्ही सगळ्यांनी ते त्या धुरावर ढकललं.

माघात सहाशे पानं उठली. सहाशे पानांवर मिठापासून सुरुवात करून, डावीकडून उजवीकडे, चुकूनही जागा न बदलता, चोवीस पदार्थ. पंक्तीत कुणी श्लोक म्हटला की सगळे "गोविंदा!" म्हणायचे, आणि दर गोविंदाला आतून खट खट खट असा आवाज यायचा. पायस हरभऱ्याच्या डाळीचं होतं, गूळ आणि नारळाच्या दुधातलं. त्यांच्या आईचं, क्षीरव्रताच्या महिन्यातलं. पद्मण्णांनी त्याचा थेंबही तोंडात घातला नाही. नुसते घागरीवर वाकून उभे राहिले.

डॉक्टर शेणॉय आल्या होत्या. त्यांनी पायस तीनदा घेतलं. चौथ्यांदा पद्मण्णा स्वतः वाढायला आले तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"पद्मण्णा, पुरे. माझी साखर!"

"डॉक्टर, नारळ आहे. झाड आहे," पद्मण्णा म्हणाले, आणि हातावर वाढलं.

मी त्या दिवशी सहा महिन्यांचं पथ्य एका बैठकीत फेडलं. वाढप्यांनी मला तीनदा उठवून बसवलं. संध्याकाळी सगळी पांगल्यावर पद्मण्णा विझत्या चुलीपाशी पाटावर बसले आणि सुगुणम्मांनी त्यांच्यापुढे नाचणी आणि कुळथाचं सार ठेवलं. त्यांनी सारात बोट बुडवून चाटलं. "मीठ थोडं कमी आहे," म्हणाले, आणि सगळं संपवलं.

पुढची दोन वर्षं त्यांनी गावातली लग्नं खडावांवर केली. मग चूल कायमची सोडली. साखर त्या महिन्यात सहा पूर्णांक सहा होती. दुखत होते ते गुडघे.